घरबसल्या काम : एका जुन्या जाहिरातीचा इतिहास



‘घरबसल्या काम, हमखास कमाई’ ही जाहिरात ज्याने कधी वाचली नाही असा माणूस या सभेत नसावा. पूर्वी ती विजेच्या खांबावर चिकटवलेली असे, आगगाडीच्या डब्यात असे, वर्तमानपत्रांच्या छोट्या जाहिरातींत असे. आता ती ज्याच्या त्याच्या खिशातल्या मोबाइलवर येते. ती वाचून जो मनुष्य खरोखरीच काम शोधू लागतो त्याची काय दशा होते, हे मी गेली तीस वर्षे कामगार युनियनच्या कचेरीत बसून पाहत आलो आहे. चार ठिकाणी चौकशी करावी आणि चारही ठिकाणी आधी पैसे मागितले जावेत. पाचव्या ठिकाणी पैसे न भरता काम मिळावे आणि महिनाअखेर मजुरीच मिळू नये! अशा माणसाला आपण शहाणे लोक एकच उपदेश करतो : लोभ धरू नये, सावध असावे. उपदेशाला पैसे पडत नाहीत, म्हणून तो फार दिला जातो. माझ्याकडे आलेल्यांत लोभी माणसे मला फार थोडी आढळली. अंथरुणाला खिळलेल्या सासूला सोडून बाहेर पडता न येणारी सून, अपघातात पाय गमावलेला फिटर, तान्हे मूल पदरी असलेली पदवीधर मुलगी, पेन्शन नसलेला जुना कारकून, अशी ही माणसे. त्यांना घबाड नको होते. काम हवे होते.

मग ती फसली कशी? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी मी वाचनालयात गेलो. कॉलेजची पायरी चढण्याचा योग माझ्या नशिबी नव्हता, त्यामुळे अडले की वाचनालय गाठावयाचे ही सवय मला तरुणपणीच लागली. तेथे जे हाती आले ते आपणांपुढे मांडावयाचे आहे. माझे म्हणणे असे, की घरी काम देण्याची जी रीत व्यापारात प्रामाणिक म्हणून चालत आली, तिच्यातच फसवणुकीची सगळी हत्यारे आधीपासून आहेत. काम देण्यापूर्वी अनामत घेणे, न वाचलेल्या कागदावर सही घेणे आणि केलेला माल नापास करणे, ही ती हत्यारे. लबाडाने यांतले एकही स्वतः शोधून काढलेले नाही. ती त्याने व्यापाऱ्याच्या दुकानातून उचलली.

अनामतीपासून सुरुवात करतो. १८४३ सालच्या ऑक्टोबर महिन्यात लंडनच्या लँबेथ भागातील बिडेल नावाच्या एका विधवेला कोर्टापुढे उभे करण्यात आले. ती तयार कपड्यांच्या एका व्यापाऱ्यासाठी घरी विजारी शिवीत असे. एका विजारीची मजुरी सात पेन्स, आणि दोरा पदरचा. कापड घरी नेण्यासाठी तिला दोन पौंडांची अनामत द्यावी लागली होती. घरात पोरे उपाशी, म्हणून तिने शिवावयास आणलेले कपडे गहाण टाकले आणि ती गुन्हेगार ठरली. आता जरा हिशेब करू या. त्या काळी एका पौंडाचे २४० पेन्स होत. दोन पौंड म्हणजे ४८० पेन्स, म्हणजे जवळजवळ एकोणसत्तर विजारींची मजुरी. एक टाका घालण्यापूर्वीच ती बाई एकोणसत्तर विजारींनी मालकाच्या बांधील झाली होती! तिची हकिकत वर्तमानपत्रात आली, ती वाचून टॉमस हूड या कवीने ‘साँग ऑफ द शर्ट’ ही कविता लिहिली आणि ‘पंच’ साप्ताहिकाच्या त्या वर्षीच्या नाताळ अंकात ती छापली गेली. साऱ्या इंग्लंडने हळहळ व्यक्त केली. हळहळीने मजुरीचा दर वाढतो असा मात्र माझा अनुभव नाही, आणि तेव्हाही तो वाढला नाही.

दोन वर्षांनी, १८४५ मध्ये, एंगेल्सने इंग्लंडमधील कामगारवर्गाच्या स्थितीवर आपला जर्मन ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात या अनामतीचा उल्लेख आहे. शिवणकाम करणाऱ्या बायकांना अनामत भरण्यासाठी स्वतःच्या वस्तू गहाण टाकाव्या लागत, आणि ही गोष्ट मालकांना पुरती ठाऊक असे, असे तो सांगतो. मालकाची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. तो म्हणणार, माझे इतक्या किमतीचे कापड मी अनोळखी माणसाच्या खोलीत सोडतो, मला काही तारण नको का? बोलणे बिनतोड वाटते. पण गिरणीत लाखो रुपयांच्या यंत्रापाशी कामगाराला उभे करताना कोणी त्याच्याकडून यंत्राची अनामत घेत नाही. गिरणीला दार असते, दाराशी पहारेकरी असतो, आत मुकादम असतो. घरी काम देणाऱ्याने हा सगळा खर्च वाचविलेला असतो, आणि वाचविलेल्या खर्चाचे तारण तो कामगारापाशी मागतो. यातून गरिबाच्या मनावर एक गोष्ट पिढ्यान् पिढ्या ठसत गेली, की काम मिळवावयाचे तर आधी काहीतरी द्यावे लागते. आजचा लबाड ‘रजिस्ट्रेशन फी’ मागतो, तेव्हा तो या जुन्या समजुतीवरच आपले दुकान मांडतो.

या बायका कोण आहेत, किती मिळवतात, हे शहरातल्या लोकांना दिसत नव्हते. कारण घरातले काम घराबाहेर दिसत नाही. ते दाखविण्याची एक नामी युक्ती ‘डेली न्यूज’ या पत्राने १९०६ च्या मे महिन्यात काढली. लंडनच्या क्वीन्स हॉलमध्ये त्यांनी एक प्रदर्शन भरविले. त्यात माल मांडला होताच, पण माल करणारी माणसेही काम करीत बसविली होती आणि कोणत्या कामाला काय मजुरी मिळते हे सांगितले होते. आगपेट्यांच्या १४४ खोक्यांना सव्वादोन पेन्स, त्यात खळ आणि दोरी पदरची! तीस हजारांवर लोक प्रदर्शन पाहून गेले. खिशातली आगपेटी कोणी चिकटवली आहे हे पुष्कळांना त्या दिवशी प्रथम कळले असेल. तीन वर्षांनी, १९०९ मध्ये, ट्रेड बोर्ड्‌स कायदा झाला आणि चार धंद्यांत किमान मजुरी ठरवावयाचे ठरले : तयार कपडे, कागदी खोकी, यंत्रावरच्या लेसचे शेवटचे हातकाम आणि साखळ्या.

येथे दुसरे हत्यार बाहेर आले, सहीचे. इंग्लंडच्या मध्यभागी क्रॅडली हीथ नावाचे गाव आहे. तेथे बायका घराच्या मागल्या अंगणात भट्टी पेटवून लोखंडी साखळ्या घडवीत असत. घरकाम म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे सुई आणि पापड येतात. या बायका घण मारीत होत्या, आणि शेजारी मुले खेळत होती. चौपन्न तासांच्या आठवड्याला त्यांना पाच-सहा शिलिंग मिळत. नव्या मंडळाने ताशी अडीच पेन्स ठरविले, म्हणजे आठवड्याला सव्वाअकरा शिलिंग होणार. कायद्यात एक फट होती. कामगाराने लेखी संमती दिली तर काही महिने जुन्याच दराने काम देता येत होते. मालकांनी छापील कागद वाटले आणि बायकांकडून त्यांवर सह्या, अंगठे घेतले. पुष्कळ जणींना वाचता येत नव्हते. नवा दर आपण आपल्याच हाताने नाकारला हे त्यांना मागाहून कळले.

मेरी मॅकार्थर ही स्त्री कामगारांची पुढारी तेथे धावून गेली. ऑगस्ट १९१० मध्ये सुमारे आठशे बायकांचा संप सुरू झाला आणि तो दहा आठवडे टिकला. पोत्याचा एप्रन बांधलेल्या म्हाताऱ्या बायकांची छायाचित्रे वर्तमानपत्रांत आली, त्या काळी नवीनच असलेल्या सिनेमागृहांत संपाचे चित्रपट दाखविले गेले आणि चार हजार पौंडांच्या आसपास मदत जमली. ऑक्टोबर अखेरपर्यंत सर्व मालकांनी नवा दर मान्य केला. उरलेल्या फंडातून गावात कामगारांसाठी एक सभागृह बांधले, ते १९१२ मध्ये उघडले. संपाचा निधी उरला, ही घटना कामगार चळवळीच्या इतिहासात किती दुर्मीळ आहे हे आमच्या युनियनच्या खजिनदाराला विचारा!

आता आपल्या घरी येऊ, आणि तिसऱ्या हत्याराकडे. महाराष्ट्रात घरकाम म्हटले की मला विडी आठवते, कारण माझी आई विड्या वळीत असे. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, भिजवलेली टेंभुर्णीची पाने, हातात कात्री. गप्पा चालू आणि बोटे चालू. संध्याकाळी ठेकेदाराकडे माल द्यावयाचा. तो जुडी उलटीसुलटी करी आणि दोन-चार मुठी विड्या बाजूला टाकी. त्याला छाट म्हणत. छाट टाकलेल्या विडीची मजुरी नाही, आणि ती विडी परतही मिळत नसे. त्या विड्यांचे पुढे काय होई? ठेकेदार त्या मोडून जाळीत असेल असे मला बालपणीसुद्धा वाटले नाही. पाने मोजून दिली जात तीही कमी. हजार विड्या भरावयाच्या तर तुटीची पाने पदरच्या पैशांनी आणावी लागत. ही केवळ आमच्या गल्लीची गोष्ट नव्हे. जेथे जेथे विडीचा धंदा आहे तेथे तेथे छाट आणि कमी पाने या दोन तक्रारी आहेत.

विडी घरात गेली कशी, याचा इतिहास मोठा बोधक आहे. १९४८ चा कारखाना कायदा आला. कामाचे तास, पगारी रजा, हजेरीपट या गोष्टी मालकाच्या डोक्यावर बसल्या. मालकांनी काम ठेकेदारांकडे, आपल्याकडे ज्यांना सट्टेदार म्हणत त्यांच्याकडे, सोपविले आणि सट्टेदारांनी ते झोपड्यांत नेले. मग वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. १९५८ मध्ये मध्य प्रदेशातील चिंतामण राव खटल्यात न्यायालयाने ठरविले की सट्टेदार हे स्वतंत्र ठेकेदार आहेत, कारखान्याचे कामगार नव्हेत. १९६० च्या अखेरीस नागपूरच्या बिरधीचंद शर्मा खटल्यात कारखान्यात येऊन विड्या वळणारे कामगारच ठरले आणि त्यांना रजेचा पगार मिळाला. लगेच पुढच्या वर्षी शंकर बालाजी वाजे खटल्यात मात्र उलट निकाल लागला. कामगार हवा तेव्हा येतो, हवा तेव्हा जातो, यावे असे त्याच्यावर बंधन नाही, म्हणून तो कायद्याच्या अर्थाने कामगारच नव्हे, असे बहुमताने ठरले. न्यायमूर्ती सुब्बाराव यांनी वेगळे मत नोंदविले. भांडण केवळ चार दिवसांच्या रजेच्या पगाराचे होते. चार दिवसांच्या पगाराचे भांडण दिल्लीपर्यंत पोहोचले आणि तेथे विडी कामगाराला सांगण्यात आले की तू कामगारच नाहीस!

कारखान्यात बसणाऱ्याची ही गत, तर घरी बसणारीचे काय? शेवटी संसदेने १९६६ मध्ये विडी व सिगार कामगारांसाठी स्वतंत्र कायदा केला आणि मालकाने किंवा ठेकेदाराने दिलेल्या मालातून घरी विड्या वळणाऱ्यांना त्यात नाव घेऊन बसविले. कारखानदार पुन्हा न्यायालयात गेले. १९७४ मध्ये मंगलोर गणेश बीडी वर्क्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा वैध ठरविला. मालकांनी मग नवी वाट काढली. कागदोपत्री दाखवावयाचे की तंबाखू-पाने बाईला ‘विकली’ आणि विड्या तिच्याकडून ‘विकत घेतल्या’. म्हणजे बाई मजूर नव्हे, व्यापारी! गावात ज्या बाईला किराणा उधार मिळत नाही ती कागदावर तंबाखूची व्यापारी झालेली मी स्वतः पाहिली आहे.

आणि याच छाटेने एक दिवस मालकाला अडकविले. हा भाग मला सर्वांत आवडतो. घरी काम करणारी बाई मालकाची नोकर आहे हे सिद्ध कसे करावयाचे? तिच्यावर मुकादम नाही, घड्याळ नाही, हजेरी नाही. मालकाचा ताबा कोठे दिसतो? न्यायालयाने उत्तर दिले : माल नापास करण्याच्या हक्कात. १९७३ मध्ये सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाउसच्या खटल्यात शिंप्यांच्या बाबतीत हा विचार मांडला गेला. माल नीट नसेल तर तो नाकारावयाचा किंवा पुन्हा करून मागावयाचा हक्क ज्याला आहे, त्याचा कामावर ताबा आहे. १९८५ मध्ये पी. एम. पटेल आणि मंडळींच्या खटल्यात हाच धागा धरून घरी विड्या वळणाऱ्यांना प्रॉव्हिडंट फंडाचा हक्क मिळाला. छाट टाकणारा हात हाच मालकाचा हात, अशी ओळख पटली.

प्रामाणिक घरकाम मुळी नाहीच, असे मात्र कोणी समजू नये. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटावयास सुरुवात केली. ते ‘लिज्जत’. बायका कणीक घरी नेतात, लाटलेले पापड आणून देतात आणि मजुरी घेतात. नफ्यात त्यांचा वाटा असतो. येथे माल नापास करणारी बाईही लाटणाऱ्यांपैकीच असते, हा फरक लहान नाही. १९७२ मध्ये अहमदाबादेत इला भट्ट यांनी ‘सेवा’ ही युनियन नोंदवावयास घेतली, तेव्हा कामगार खात्याने हरकत घेतली की या बायकांना मालकच नाही, मग युनियन भांडणार कोणाशी? इला भट्ट यांचे म्हणणे असे, की युनियन कोणाविरुद्ध असावी लागते असे नाही, ती कामगारांच्या एकीसाठी असते. नोंदणी झाली. याच मंडळींच्या आणि इतर देशांतील अशाच संघटनांच्या खटपटीने १९९६ मध्ये जिनीव्हाला आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेने घरकामाविषयीचा १७७ क्रमांकाचा करार संमत केला. फिनलंडने तो प्रथम स्वीकारला, १९९८ मध्ये. भारताने तो स्वीकारलेला नाही.

आता मोबाइलवरच्या जाहिरातीकडे पुन्हा वळतो, म्हणजे जुनी हत्यारे नव्या हातात कशी शोभतात ते दिसेल. गेल्या पावसाळ्यात एक गृहस्थ आपल्या मुलीला घेऊन आमच्या कचेरीत आले. मुलीने घरी बसून फॉर्म भरण्याचे काम घेतले होते. आधी फी भरली. मग मोबाइलवर एक लांबलचक करार आला, इंग्रजीत. तो खालपर्यंत सरकवून तिने बोटाने सही केली. क्रॅडली हीथच्या बायकांना निदान कागद हातात तरी मिळाला होता. मग पाच दिवसांत शेकडो फॉर्म भरावयाचे. तिने रात्री जागून ते भरले. उत्तर आले की तुमचे काम नापास, चुका प्रमाणाबाहेर आहेत. कोणत्या चुका, हे सांगितले नाही. ही छाटच. आणि त्यावर कडी म्हणजे वकिलाच्या नावाची नोटीस : तुम्ही करार मोडला, नुकसानभरपाई म्हणून इतके हजार भरा, नाहीतर कोर्टात या! बापाने गळ्यातली चेन मोडावयाचे ठरविले होते. वाटेत कोणी सांगितले म्हणून आधी आमच्याकडे आले. बिडेलबाई कोर्टाच्या भीतीने थरथरली त्यालाही आता पावणेदोनशेहून अधिक वर्षे झाली, आणि ती भीती अजून तशीच उपयोगी पडते आहे. मी त्यांना सांगितले, पैसे देऊ नका, १९३० या सरकारी क्रमांकावर तक्रार नोंदवा आणि खरे समन्स आले तर ते घेऊन माझ्याकडे या. समन्स आजतागायत आलेले नाही.

दुसरा प्रकार याहून गोड. व्हिडिओ पाहा, पसंती दर्शवा, पैसे मिळवा. पहिल्या दिवशी शे-दीडशे रुपये खरोखरच खात्यात येतात. मग मोठे काम हवे तर आधी हजार भरा, मग दहा हजार. म्हणजे पुन्हा अनामत. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने अशा अर्धवेळ कामाच्या नावाने चालणाऱ्या शंभरावर वेबसाइटी बंद केल्या. त्या बंद झाल्या आणि जाहिराती चालूच आहेत.

माझी खरी तक्रार वेगळी आहे. फसलेला मनुष्य पोलिसांकडे गेला तर तेथे तो ठगलेला गिऱ्हाईक ठरतो. त्याने रात्री जागून केलेल्या कामाची मजुरी कोणीच मोजत नाही. कामगार खात्याकडे गेला तर तेथे विचारतात, मालकाचे नाव काय, पत्ता काय? २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत घरी काम करणाऱ्याची व्याख्या आली, त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका संहितेत १९६६ चा विडी कायदा विलीन झाला, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून या संहिता अंमलात आल्या. व्याख्येने पत्ता सापडत नाही. घरी काम देणाऱ्याने आपले नाव, ठिकाण, दर आणि माल नापास करण्याचे नियम सरकारी दप्तरी नोंदवावेत आणि नोंदणीचा क्रमांक जाहिरातीत छापावा, एवढी एक सक्ती झाली तरी खऱ्या कामाचा आणि खोट्या कामाचा चेहरा निराळा दिसू लागेल. विडीला हे करावयास आपल्याला १९६६ साल उजाडले. आज घरात संगणक आणि मोबाइल यांवर काम शोधणाऱ्यांची संख्या विडीवाल्यांपेक्षा लहान आहे असे कोणी म्हणणार नाही.

तोपर्यंत आम्ही कचेरीत एक वही ठेवली आहे. कोणी घरकामाची जाहिरात घेऊन आला की तिच्यात चार गोष्टी लिहितो : पैसे आधी मागितले का, करार मराठीत आहे का, माल नापास कोण करतो, आणि देणाऱ्याचे दुकान आम्हांला डोळ्यांनी पाहता येईल का. दुकान पाहावयास आम्ही खरोखरच जातो. कधी बंद गाळा सापडतो, कधी त्या नंबरचे घरच नसते. वहीच्या शेवटच्या पानांवर खऱ्या कामांची यादी आहे, ती अजून फार छोटी आहे. मसाल्याच्या पुड्या भरण्याचे एक, फॉल-पिको आणि काजे-बटणांची दोन, एका प्रकाशकाकडची मुद्रिते तपासण्याचे एक. यांतल्या काजे-बटणांच्या दराबद्दल आमचे त्या मालकाशी सध्या भांडण चालू आहे. पण त्याचे नाव आहे, पत्ता आहे आणि दर सोमवारी तो भेटतो.